स्लोव्हेनिया: दहा रात्री, तीन मुक्काम

ल्युब्ल्यानाच्या बाजारात मध विकणाऱ्या आजोबांनी बाटली पुढे करून "मेद, मेद" म्हटलं, तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, मधच म्हणतोय ना हा?" मधच म्हणत होते ते. स्लोव्हेनियन भाषेत मधाला मेद म्हणतात, मांसाला मेसो, विस्तवाला ओगेन्य, म्हणजे आपला अग्नी. संस्कृत शिकताना ज्या द्विवचनानं आपल्याला रडवलं आणि जे मराठीनं केव्हाच टाकून दिलं, ते या लोकांनी रोजच्या बोलण्यात जपून ठेवलंय. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांना तिथे वेगवेगळी क्रियापदं लागतात.

देश केवढा? जवळपास २०,२७० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, पुणे शहराहूनही कमी. निम्म्याहून अधिक जमीन जंगलाखाली. उत्तरेला आल्प्स, नैर्ऋत्येला जेमतेम ४७ किलोमीटरचा समुद्रकिनारा आणि मधल्या भागात जमिनीखाली पोखरलेली गुहांची दुनिया. एवढासा देश म्हटल्यावर सहलवाले तो दोन दिवसांत 'कव्हर' करतात: ब्लेडच्या तळ्यावर फोटो, पोस्तोयनाची गुहा, राजधानीत एक जेवण आणि पुढे क्रोएशिया. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. देश लहान असल्यानं रोज बॅगा भरायची गरजच पडत नाही. तीन ठिकाणी (राजधानी ल्युब्ल्याना, बोहिन्य आणि कोबारिद) तीन-तीन रात्री राहा, शेवटची रात्र पुन्हा राजधानीत काढा. आम्ही तिघं (मी, नवरा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई) असंच राहिलो, आणि पुढचा सगळा मजकूर त्याच क्रमानं आहे.

कधी जायचं

मे अखेर ते जून अखेर, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा युरोप तिथे येतो, आणि ब्लेडला गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. मेमध्ये मात्र उंचावर बर्फ असू शकतो, आणि व्हर्शिचची खिंड, जी या सहलीचा कणा आहे, ती हिवाळ्यापासून बंद असली तर उघडायला वसंत उजाडावा लागतो. डोंगरातली मुक्कामाची घरं बहुधा जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच चालू असतात. एक गोष्ट गृहीत धरा: बोहिन्य आणि कोबारिदकडचं सोचा नदीचं खोरं हा युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. आपण महाबळेश्वरवाले, पावसाला घाबरत नाही, हे खरं. पण तिथला पाऊस गार असतो. कोणत्याही महिन्यात एक चांगलं जलरोधक जाकीट आणि पकड असलेले बूट हवेतच.

व्हिसा आणि कागदपत्रं

स्लोव्हेनिया २००४ पासून युरोपीय संघात आहे, २००७ पासून युरो चलन आहे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला. म्हणजे आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. नियम साधा आहे, पण एजंट लोक तो हमखास गुंडाळून सांगतात: जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. व्हेनिसला उतरून तिथे दोन रात्री आणि स्लोव्हेनियात दहा असतील, तर अर्ज स्लोव्हेनियाचाच. 'इटलीचा व्हिसा पटकन होतो' म्हणून खोटी बुकिंगं दाखवायच्या भानगडीत पडू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान दोन महिने हाताशी ठेवा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. दूतावास दिल्लीत आहे. आपल्या शहरातून अर्ज कुठे द्यायचा, हे दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहा, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नका.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, म्हणून पुढच्या विमानात किंवा बसमध्ये निदान तीन तासांचं अंतर ठेवा.

पोचायचं कसं

भारतातून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही. म्युनिक, फ्रँकफर्ट, इस्तंबूल अशा एखाद्या ठिकाणी बदलून तिथल्या छोट्या विमानतळावर उतरता येतं. पण मुंबईहून व्हेनिस किंवा व्हिएन्नाचं तिकीट बरेचदा स्वस्त मिळतं. व्हेनिसहून बसनं चारेक तास. व्हिएन्नाहून रेल्वेनं साधारण सहा तास, पण ती गाडी सेमरिंगचा जुना घाट चढून येते, आणि आपल्याला बोरघाटाची सवय असल्यानं खिडकी सोडवत नाही. वेळ असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. सध्या इटली आणि क्रोएशियाच्या सीमेवर अधूनमधून तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट सामानाच्या बॅगेत टाकू नका.

पहिला मुक्काम: ल्युब्ल्याना, तीन रात्री

इथे गाडी भाड्यानं घेऊ नका. शहराचा मध्यभाग गाड्यांना बंद आहे आणि सगळं चालत होतं. चौथ्या दिवशी निघताना गाडी घ्या.

१८९५ च्या भूकंपात शहराचं मोठं नुकसान झालं, आणि नंतर उभ्या राहिलेल्या शहरावर एकाच माणसाची मोहोर आहे: योझे प्लेचनिक. व्हिएन्नात शिकलेला, प्रागचा किल्ला दुरुस्त केलेला हा स्थापत्यकार १९२१ मध्ये घरी परतला आणि पुढची तीन दशकं गावाचे पूल, घाट, बाजार, स्मशानभूमी घडवत बसला. २०२१ मध्ये त्याच्या कामाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका पुलाला दोन पादचारी पूल जोडून त्यानं जो तिहेरी पूल केला, त्यावरून तुम्ही दिवसात दहा वेळा जाल. पण थोडं थांबून बघायची वस्तू म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालय. भूकंपात पडलेल्या वाड्याचे दगड त्यानं विटांच्या भिंतीत मधे मधे बसवले आहेत. दाराची मूठ घोड्याच्या डोक्याच्या आकाराची आहे, हातात नीट बसते. आत गेलं की अंधारा जिना आणि दोन्ही बाजूंना काळसर संगमरवरी खांब, एकूण बत्तीस. अंधारातून वर उजेडाकडे जायचं, अशी ती रचना.

भूकंपाआधीच्या काळातलं या शहराचं सर्वांत मोठं वैभव एका काचेच्या पेटीत आहे. शहर संग्रहालयात एक लाकडी चाक ठेवलंय, २००२ मध्ये गावाबाहेरच्या दलदलीत सापडलेलं, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं. आसासकट सापडलेलं हे जगातलं सर्वांत जुनं लाकडी चाक मानलं जातं. चाकाचं भोक चौकोनी आहे. सासूबाई माहेरच्या शेतातल्या. त्यांनी दोन मिनिटं वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चौकोनी भोक म्हणजे आस चाकाबरोबर फिरत असणार. आपल्या बैलगाडीत आस स्थिर असतो." भिंतीवरच्या फलकावर तेच लिहिलं होतं.

चौकात प्रेशेरेन या कवीचा पुतळा आहे. त्याच्या पुण्यतिथीला, ८ फेब्रुवारीला, देशाला सार्वजनिक सुटी असते, आणि राष्ट्रगीत त्याच्याच कवितेतलं आहे. कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषा दिन साजरा करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये, पण सुटीचा हेवा मात्र वाटतो.

शुक्रवारी तिथे असलात आणि पाऊस नसला, तर मार्च ते ऑक्टोबर बाजाराशेजारच्या चौकात खाण्याच्या टपऱ्या लागतात. तेच रात्रीचं जेवण. किल्ल्यावर चढायला रोपवेसारखी छोटी गाडी आहे. किल्ला ठीक आहे, रायगड बघितलेल्यानं फार अपेक्षा ठेवू नये.

तिसरा दिवस गुहेसाठी. इथे निवड करावी लागते. पोस्तोयना प्रसिद्ध, १८७२ पासून आत छोटी रेल्वे, चालणं दीडेक किलोमीटर, पायऱ्यांशिवाय. श्कोत्सियानला रेल्वे नाही, तीन किलोमीटर चालायचं आणि पाचशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे बरे असतील, तर डोळे मिटून श्कोत्सियान निवडा. ल्युब्ल्यानाहून दिवाचापर्यंत दीडेक तासाची रेल्वे, तिथून गुहा तीनेक किलोमीटर. आत नेहमी १२ अंश तापमान, म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर हवा. फोटो काढू देत नाहीत, आणि ते फार बरं आहे.

पहिला अर्धा तास लवणस्तंभ बघण्यात जातो. मग आवाज यायला लागतो, आधी दूरच्या रहदारीसारखा, मग भरल्या ओढ्यासारखा. एका वळणावर छत एकदम वर जातं आणि समोर जमिनीच्या पोटातली दरी उघडते. तळाशी नदी, आणि समोरच्या कड्यावर ओळीनं लागलेले दिवे, मुंगीएवढ्या माणसांची वाट दाखवणारे. सुमारे ४५ मीटर उंचीच्या पुलावरून नदी ओलांडायची. नदीचं नाव रेका, आणि रेका या शब्दाचा अर्थच नदी. ती इथे जमिनीखाली गडप होते आणि थेट इटलीच्या किनाऱ्याजवळ तिमावो नावानं वर येते. १९६५ च्या पुरात पाणी आत शंभर मीटरहून वर चढलं होतं. वाटाड्या त्या उंचीकडे बोट दाखवतो तेव्हा सगळे वर बघतात आणि कुणी काही बोलत नाही. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत चुनखडीच्या अशा प्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात, तो शब्द याच भागाच्या 'क्रास' या नावावरून आलाय.

सासूबाईंना आम्ही पोस्तोयनाला नेलं, नवरा एकटा श्कोत्सियानला गेला, मी दुसऱ्या खेपेला. पोस्तोयनाला एक गोष्ट चुकवू नका: प्रोतेउस. गुहेच्या पाण्यात राहणारा, आंधळा, फिकट गुलाबी, वीतभराहून थोडा लांब जीव. पूर्वी लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू समजत. त्याला अनेक वर्षं अन्नावाचून काढता येतात, असं तिथले लोक सांगतात. "उपासाला याच्यासारखं कुणी नाही," अशी टिपणी सासूबाईंची.

दुसरा मुक्काम: बोहिन्य, तीन रात्री

चौथ्या दिवशी गाडी घ्या. त्याची तयारी घरून करायची: आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढा, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड बरोबर ठेवा. आमच्या गाडीवाल्यानं डेबिट कार्ड बघून सरळ मान हलवली. नवऱ्याचं क्रेडिट कार्ड घरच्या कपाटात, माझं माझ्याकडे, पण बुकिंग त्याच्या नावावर. माझ्या नावानं नवी बुकिंग करेपर्यंत दुपार झाली. गाडी ऑटोमॅटिक मागा, सांगितलं नाही तर गिअरवाली मिळते, आणि उजव्या बाजूच्या रहदारीत उजव्या हातानं गिअर टाकायला घाटरस्ता ही जागा नव्हे. महामार्गासाठी इ-व्हिनेट म्हणजे ऑनलाइन टोल-परवाना लागतो. गाडीला तो आहे ना, ते विचारून घ्या. नसेल तर आठवड्याचा काढा, दंड मोठा आहे. दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवावी लागते. महामार्गावर १३०, बाहेर ९०, गावात ५०.

गाडी नको असेल तरी अडत नाही. ल्युब्ल्यानाहून बोहिन्यला सुमारे दोन तासांची बस आहे. मात्र रविवारी आणि सुटीच्या दिवशी बसगाड्या फार कमी होतात.

वाटेत रादोव्ल्यित्साला थांबा. पिटुकलं गाव, आणि तिथे मधमाशी संग्रहालय. स्लोव्हेनियात शेतकरी मधमाश्यांच्या पेट्या एकावर एक रचून ठेवत आणि प्रत्येक पेटीच्या पुढच्या फळीवर चित्र काढत. माशीला आपली पेटी ओळखू यावी म्हणून, असं म्हणतात. मला वाटतं, माशीचं निमित्त, हौस शेतकऱ्याची. एका फळीवर प्राणी मिळून शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढतायत. दुसऱ्या फळीवर सैतान एका बाईची जीभ धार लावायच्या दगडावर घासतोय. सासूबाईंनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे एकाच वेळी पाहिलं. अंतोन यान्शा हा अठराव्या शतकातला मधमाशीपालनाचा आद्य शिक्षक या भागातलाच. २० मे हा त्याचा जन्मदिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये जागतिक मधमाशी दिन म्हणून जाहीर केला.

आता ब्लेड. सगळे तिथे राहतात. तुम्ही राहू नका. बोहिन्यहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास आहे, एक सकाळ पुरते. सातला पोचा. तळ्याभोवती फेरी सहा किलोमीटरची. माला ओसोयनित्सा नावाच्या टेकडीवर चढलात, तर तो कॅलेंडरवरचा देखावा तिथून दिसतो. वर जाताना लोखंडी शिडीवजा जिना आहे, पावसात टाळा. बेटावर सपाट तळाच्या 'प्लेत्ना' नावेनं जायचं, नावाडी उभ्यानं वल्हवतो. बेटावर नव्व्याण्णव पायऱ्या, आणि नवऱ्यानं नवरीला उचलून त्या चढायच्या अशी प्रथा. माझा नवरा पहिल्या पायरीवर उभा राहून पाण्याची बाटली उघडायला लागला. गावात 'क्रेम्ना रेझिना' हा मलईदार केक खा, इथल्या हॉटेलात १९५३ मध्ये सुरू झालेला. अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अकरापर्यंत बसगाड्या यायला लागतात, तेव्हा निघा.

बोहिन्यचं तळं ब्लेडहून मोठं, चार किलोमीटरहून लांब, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर पाण्यात उतरलेले. काठावर हॉटेलांची रांग नाही. हा सगळा त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. देशातलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, सुमारे ८४० चौरस किलोमीटरचं, पहिलं संरक्षण १९२४ मधलं. तंबू वाटेल तिथे ठोकता येत नाही. तळ्याच्या तोंडाशी संत योहानाचं जुनं चर्च आहे, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. जवळच चार पुरुषांचं शिल्प: १७७८ मध्ये ते त्रिग्लावच्या २,८६४ मीटर उंच शिखरावर पहिल्यांदा चढले, आल्प्समधल्या सर्वांत उंच माँ ब्लाँवर माणूस पोचण्याच्या आठ वर्षं आधी. हेच शिखर देशाच्या राजचिन्हात आहे. एका पाद्र्यानं, याकोब अल्याझनं, पुढे शिखरावरची जागा विकत घेऊन १८९५ मध्ये तिथे लोखंडी बुरूज उभारला, जर्मन डोंगरभटक्यांनी हक्क सांगू नये म्हणून.

त्रिग्लाव चढायची हौस असेल, तर ती दोन दिवसांची, तारेला धरून जायची चढाई आहे, वाटाड्याशिवाय करू नये. बाकीच्यांसाठी व्होगेलचा रोपवे १,५३५ मीटरवर नेतो. ढग असतील तर तिकीट काढूच नका, आमचे पैसे धुक्यात गेले. सावित्सा धबधबा ७८ मीटरचा, वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या. लोणावळ्यात वाढलेल्या माणसाला धबधब्याचं अप्रूप नसतं, पण हा कड्याच्या पोटातून बाहेर पडतो.

पायवाटांची खूण कायम ध्यानात ठेवा: लाल कड्यात पांढरा ठिपका. १९२२ पासून देशभर हीच. पंधरा मिनिटं चालून ठिपका दिसला नाही, तर मागे फिरा. अडचणीत ११२. आणि गोचीड! गवतातून चालताना लांब विजार घाला, रात्री अंग तपासा. या देशात गोचिडीमुळे मेंदूज्वर आणि लाइम हे आजार बऱ्यापैकी आढळतात. मेंदूज्वरावर लस आहे. आठवडाभर रानातून चालणार असाल, तर महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारा.

आणखी एक सूचना, जी मला कुणी दिली असती तर बरं झालं असतं. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तसा कायदाच आहे. पेट्रोलपंपावरचं दुकान मात्र उघडं मिळतं. आम्ही बोहिन्यला रविवारी पोचलो, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलेलं, आणि घरात मीठसुद्धा नाही. त्या रात्री मेतकूट आणि पंपावरचा पाव.

खाण्यापिण्याचं

घरून नेताना तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे, सापडले तर टाकून देतात. चिवडा, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, खिचडीचं सामान चालतं.

शाकाहारी माणसानं दोन शब्द पाठ करावेत: 'ब्रेझ मेसा', मांसाशिवाय. मेसो म्हणजे मांस, त्यामुळे विसरायची सोय नाही. तेवढ्यावर थांबू नका, कारण बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या 'झ्गान्त्सी'वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकून आणतात, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं. ते वेगळे काढायला सांगा. 'श्त्रुक्ली' म्हणजे चक्का किंवा अक्रोड घालून गुंडाळलेले उकडीचे रोल, हे आमचं रोजचं जेवण झालं. सोबत तोल्मिनचं चीज, भोपळ्याच्या बियांचं गर्द हिरवं तेल घातलेली कोशिंबीर. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

तिसरा मुक्काम: कोबारिद, तीन रात्री

सातव्या दिवशी बोहिन्यहून सोचा खोऱ्यात जायचं. दोन वाटा आहेत. एक डोंगराखालून: १९०६ मध्ये उघडलेला रेल्वेमार्ग, सव्वासहा किलोमीटरचा बोगदा, आणि गाडी, म्हणजे तुमची मोटार, रेल्वेच्या डब्यावर चढवूनही नेतात. या मार्गावर दुरुस्तीचं काम काढलं की रेल्वे महिनोन् महिने बंद ठेवून बस देतात, तेव्हा आधी चौकशी करा. गाडी नसलेल्यांनी हाच मार्ग घ्यावा: मोस्त ना सोचीला उतरून पुढे बस.

दुसरी वाट डोंगरावरून, आणि तिला एक दिवस द्या. क्रान्यस्का गोराहून व्हर्शिचची खिंड, १,६११ मीटर, पन्नास वळणं, प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. उत्तरेकडची बरीच वळणं दगडी फरशीची आहेत, ओली असली तर जपून. हा रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीनं रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. सैन्याला रसद पोचावी म्हणून भर हिवाळ्यातही खिंड मोकळी ठेवायचा हुकूम होता. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळला आणि शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. आठव्या वळणाशी गाडी लावा. झाडीत एक लाकडी रशियन प्रार्थनामंदिर आहे, जिवंत राहिलेल्या कैद्यांनी बांधलेलं. आम्ही गेलो तेव्हा दारात कुणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती आणि रस्त्यावरून सायकलवाले धापा टाकत वर चाललेले. त्यानंतरची बेचाळीस वळणं गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

उतरताना एकोणपन्नासाव्या वळणाजवळून सोचाच्या उगमाकडे फाटा जातो. शेवटचा टप्पा तारेला धरून कड्यावरून, तिथे सासूबाई गाडीजवळ थांबल्या. नदीचा रंग फोटोत बघितलात, तर रंगवलाय असं वाटेल. तो खराच तसा आहे, पाचूसारखा. पाणी मात्र बर्फाचं: पाय बुडवून मी वीस आकडे मोजले, पुढे मोजवेना.

या नदीकाठी मे १९१५ ते नोव्हेंबर १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. इटालियन लोक नदीला इझोन्झो म्हणतात, म्हणून पुस्तकांत ती इझोन्झो आघाडी. शेवटची लढाई २४ ऑक्टोबर १९१७ ला कोबारिदपाशी सुरू झाली आणि इटलीची फळी फुटली. जर्मन तुकडीतल्या रोमेल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं इथेच मातायुर डोंगर घेतला, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापती म्हणून गाजलेला तोच रोमेल.

पहिल्या सकाळी संग्रहालय पाहा. १९९० मध्ये गावकऱ्यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं, १९९३ चा युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळवलेलं. त्यात कुठल्याच बाजूचा विजय नाही, सैनिकांचे चेहरे आहेत. मग गावातून निघणारी पाचेक किलोमीटरची ऐतिहासिक वाट चाला. ती आधी टेकडीवरच्या इटालियन अस्थिस्मारकाकडे नेते. सात हजारांहून अधिक सैनिकांच्या अस्थी, १९३८ मध्ये मुसोलिनीच्या हस्ते उद्घाटन. पुढे झाडीत इटालियन फळीचे खंदक, मग हलता पूल, आणि शेवटी कोझ्याक धबधबा, एका काळोख्या दगडी दालनात पंधरा मीटरवरून पडणारा. सैनिकांचं स्मारक, खंदक आणि तो धबधबा एकाच सकाळी, एकाच पायवाटेवर. यासाठीच कोबारिदला मुक्काम करायचा, दुपारपुरतं यायचं नाही.

मुसोलिनी इथे आला कसा, तर १९२० च्या करारानं हा पश्चिम भाग इटलीला गेला होता. शाळांतून स्लोव्हेनियन भाषा काढून टाकली, नावंसुद्धा इटालियन केली. १९४७ मध्ये तो युगोस्लाव्हियात आला, आणि २५ जून १९९१ ला स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, त्यापाठोपाठ दहा दिवसांची लढाई झाली. म्हणजे १९१० साली कोबारिदमध्ये जन्मलेली आणि गाव न सोडलेली एखादी आजी चार देशांत राहून गेली असणार.

दुसऱ्या दिवशी यावोर्त्सा. तोल्मिनहून वर अरुंद रस्ता, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायची, शेवटचा चढ पायी. कुरणात एक लाकडी चर्च आहे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांनी १९१६ मध्ये आघाडीमागे स्वतःच्या हातांनी बांधलेलं. आतल्या भिंतींना दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या लावल्यात, आणि त्यांवर मेलेल्या सोबत्यांची नावं डागून लिहिलीत, अडीच हजारांहून अधिक. फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडतात. स्लाव्ह, हंगेरियन, जर्मन, सगळी नावं मिसळलेली. चर्च रोज उघडं नसतं, तोल्मिनच्या पर्यटन कार्यालयात वेळ विचारूनच निघा.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. बोवेत्सला राफ्टिंग, तोल्मिनची घळ, किंवा नदीकाठी काहीच नाही. आम्ही काहीच नाही निवडलं.

परतीची वाट

ल्युब्ल्यानाला परतताना इद्रियावरून या. इथे पाऱ्याची खाण पाचशे वर्षं चालली, स्पेनमधल्या आल्मादेनखालोखाल जगातली दुसरी मोठी. २०१२ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसा. डोक्यावर शिरस्त्राण घालून जुन्या खाणीत नेतात आणि खडकातून घाम फुटावा तसे पाऱ्याचे थेंब आलेले दाखवतात. समुद्र बघायचाच असेल, तर पिरानसाठी एक रात्र वाढवा; पूर्वी व्हेनिसच्या राज्यात असलेलं गाव, सुंदर आहे. पण कोकण जवळ असलेल्या माणसानं त्यासाठी डोंगरातली रात्र कमी करू नये.

शेवटचं, सामानाचं. मध घ्या, पण तो चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. शंभर मिलीलीटरच्या नियमात मध द्रवच धरतात. त्या आजोबांची बाटली सासूबाईंनी दहा दिवस जपली आणि शेवटी सुरक्षा तपासणीला ती त्यांच्या हातातल्या पिशवीतून निघाली. अधिकारी बाईंनी मान हलवली. सासूबाईंनी तिथेच झाकण उघडलं, बोटभर मध चाटला, एक बोट माझ्यापुढे केलं, आणि मग झाकण घट्ट लावून बाटली त्यांच्या हातात दिली.